किल्ली, पंखे आणि वर्षावास



आमच्यासारख्या माणसाचे वर्ष दोन वह्यांत मावते. एक कचेरीतली, जिच्यावर साहेबांची सही लागते. दुसरी घरातली. तिच्यात रेल्वेची तिकिटे, विहाराची वर्गणी, लग्नाचे आहेर, आईची औषधे आणि उसनवारी एकाखाली एक लिहिलेली असते. बी. कॉम. झालो त्याचा कचेरीत किती उपयोग झाला हे सांगता येत नाही, पण विहार समितीचे खजिनदारपण मात्र त्या पदवीमुळेच गळ्यात पडले. २०२४ सालची घरातली वही चाळली तेव्हा दिसले की त्या साली आम्ही फिरलो पुष्कळ. कोरेगाव झाले, महाड झाले, नागपूर झाले, चैत्यभूमी झाली. परंतु सगळ्यांत अवघड गेली ती आमच्या चाळीतून भाऊंच्या चाळीकडे जाणारी गल्ली. तिला तिकीट नव्हते, म्हणून वहीत तिची नोंद नाही. ती येथे करतो.

भाऊ म्हणजे आमचे मित्र. रेल्वे वर्कशॉपमध्ये वायरमन. आमच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, म्हणून सगळी वस्ती त्यांना भाऊच म्हणते. बावीस वर्षे आम्ही दोघे एकाच समितीत आहोत. त्यांचा राजकारणातला गट एक, आमचा कल दुसरीकडे. आम्ही सरकारी नोकर, प्रचाराला बंदी. त्यामुळे आमचा कल घरातच राहतो, भाऊंचा मात्र टपरीवर सर्वांना ऐकू येतो. एवढे असूनही १ जानेवारीला पेरणे फाट्याला जयस्तंभाला मानवंदना द्यायला आम्ही एकाच टेम्पोत होतो, आणि परतीच्या वाटेवर टेम्पो पंक्चर झाला तेव्हा जॅक लावायलाही दोघेच उतरलो.

२० मार्चला महाडला जायचे आईने दोन वर्षे लावून धरले होते. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि कचेरीत रजा म्हटले की साहेब चष्म्यावरून पाहू लागले. कशीबशी एक दिवसाची किरकोळ रजा मिळाली. पहाटे दिव्याहून कोकणात जाणारी पॅसेंजर धरली, वीर स्थानकात उतरलो आणि तेथून रिक्षाने महाड. आईचे माहेर त्याच तालुक्यातले. तिचे वडील १९२७ साली दहा-बारा वर्षांचे पोर होते. मोठ्या माणसांबरोबर भाकरीचे गाठोडे घेऊन ते चवदार तळ्यापर्यंत चालत गेले होते, असे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे.

तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही मुलीला सारे पुन्हा सांगितले. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव फाईलमध्ये, पाणी तळ्यात, आणि आपली माणसे तहानलेली. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यात किती वर्षे बसू शकतात हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक असणार! बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर देवळात शिरणार अशी आवई उठवून आपल्या माणसांना झोडपले गेले. तळ्याचे शुद्धीकरण झाले. खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आईने पाण्यात हात बुडवला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पाणी हिरवट हाय का माझंच डोळं?" पाणी हिरवट होतेच, पण डोळेही तपासायला हवे होते. जूनमध्ये तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली ती या एका वाक्यामुळे.

महाडची आणखी एक गोष्ट आम्हाला त्या वर्षी पुन्हा पुन्हा आठवली. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही माणसे जन्माने दुसऱ्या जातीची, पण बाबासाहेबांच्या बरोबर उभी होती. आणि ज्यांनी महाड परिषदेसाठी गावोगाव राबून तयारी केली ते रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तरी बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर तसूभर कमी झाला नाही. पक्ष बदलला म्हणून माणूस पुसून टाकायचा, ही रीत त्या पिढीची नव्हती. ती आपल्या पिढीने, गटांच्या काळात, कमावलेली आहे.

आता मूळ गोष्टीकडे. १४ एप्रिलच्या जयंतीच्या तयारीची बैठक विहारात होती. एका उमेदवाराची माणसे येऊन गेली होती. जयंतीची रोषणाई आमच्याकडून, विहाराला फरशी आमच्याकडून, शिवाय अभ्यासिकेत चार पंखे. बदल्यात दाराशी एक छोटी पाटी. भाऊंचे म्हणणे सरळ होते. "पोरं घामाघूम होऊन अभ्यास करतात. पैसा कुठला त्यांच्या बापाचा आहे? तो आपल्याच करातून गेलेला. घ्या आणि मत द्या कुणालाही." आमचे म्हणणे असे की आचारसंहितेत असे देणे-घेणे हाच गुन्हा, आणि विहाराच्या दाराशी एकदा एका गटाची पाटी लागली की दुसऱ्या गटाची आई-बहीण वंदनेला येताना बिचकणार. रात्री बारापर्यंत बैठक चालली. हात वर झाले. नऊ विरुद्ध सात. देणगी नाकारली गेली.

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून अभ्यासिकेची किल्ली काढली, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली आणि निघून गेले.

ही किल्ली साधी नव्हती. पहिल्या पाळीला जाण्याआधी पहाटे साडेपाचला अभ्यासिका उघडणारा माणूस भाऊ होता. पाऊस असो, ताप असो, उघडत असे. दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणाऱ्या आमच्या वस्तीत पोराला वही उघडायला जागा फक्त तेथेच मिळते. बैठकीत जिंकलेल्या नऊ जणांपैकी दुसऱ्या दिवशी साडेपाचला कोण उठणार, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. किल्ली आमच्या थोरल्या मुलीने उचलली. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती. "बाबा, मला तरी बसायला जागा हवीच ना," एवढेच म्हणाली. एप्रिल ते ऑगस्ट तिने एक दिवस चुकवला नाही.

जयंती झाली, जरा कमी दिव्यांची. भाऊ मिरवणुकीत होते, पण मागे. समोरासमोर आलो की "जयभीम" होई, आणि त्यापुढे शब्द नसे. आमच्या वस्तीत भांडणाऱ्यांची तोंडे सात दिवसांत उघडतात. न भांडलेल्यांचे अवघड असते.

मे महिना निवडणुकीच्या कामाने खाल्ला. प्रशिक्षण, मतदान यंत्रे, पाकिटे, शिक्के, सतरा प्रकारचे नमुने. २० मेला आमच्याकडचे मतदान. पत्र्याची शाळा, बाहेर उन्हात रांग, आत घामाने ओली झालेली मतदार यादी. यंत्र जमा करून घरी आलो तेव्हा पहाट झाली होती. तीन दिवसांनी, २३ मेला, बुद्ध पौर्णिमा. विहारात खीर वाटताना आम्ही नकळत भाऊंची जागा पाहिली. तेथे वहिनी होत्या, भाऊ नव्हते.

पुढे जे झाले ते आम्हा पुरुषांच्या हातून झालेले नाही, हे नमूद करायला हवे. २१ जुलैला आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचा आरंभ. आमच्या विहारात त्या दिवसापासून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. महिला मंडळाने ठरवले की यंदा वाचन विहारात नको, घरोघर पाळीने. पहिले घर आमचे, दुसरे भाऊंचे. आमच्या सहचारिणीने आम्हाला विचारलेही नाही, आणि वहिनींनी भाऊंना. वहिनी म्हणाल्या म्हणे, "तुमच्या गटाचं तुम्ही बघा. आम्हाला पुस्तक पुरं करायचंय."

भाऊंच्या घरची पाळी आली तेव्हा आम्ही आईचा हात धरून गेलो. डोळ्याला नुकतेच भिंग बसलेले, रात्रीची एकटी कशी सोडणार, हे निमित्त. वहिनी चौथी शिकलेल्या. अक्षराला अक्षर लावून, बोट ठेवून वाचतात, पण थांबत नाहीत. भाग आला होता रोहिणी नदीच्या पाण्याचा. शाक्य आणि कोलिय यांचा वाद, संघाची सभा, युद्धाचा ठराव, आणि त्या ठरावाला विरोध करणारा तरुण सिद्धार्थ. मतदान झाले, सिद्धार्थ अल्पमतात गेला. युद्धाला तो तयार होईना, तेव्हा शिक्षा भोगण्याची पाळी आली आणि त्याने गृहत्याग स्वीकारला. भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाचे भांडे घेऊन उभे होते. तेथूनच म्हणाले, "म्हणजे मत हरलेल्याला घर सोडावं लागतं तर!"

सगळ्या बायका गप्प झाल्या. वहिनींनी पुस्तकावरचे बोट हलवले नाही. म्हणाल्या, "तुम्ही कुठं घर सोडलंत? नुसती किल्ली तर सोडलीत."

आधी आई हसली, मग सगळे हसले, मग भाऊ. चहा आम्हाला त्यांनी स्वतःच्या हाताने दिला. माफी कोणी मागितली नाही. भाऊ शेवटी एवढेच म्हणाले, "पण पंखे कुठे आहेत?" त्यांचा प्रश्न एप्रिलमध्येही बरोबर होता आणि ऑगस्टमध्येही.

पंखे महिला मंडळाने आणले. भिशीतून सहा हजार, उरलेले बाराशे आमच्या समितीच्या शिल्लकीतून. पावती खजिनदार या नात्याने आम्हीच फाडली. दुकानदाराचा माणूस बसवायला आला तर भाऊंनी त्याला शिडीवरून खाली उतरवले. "ही वायरिंग वीस वर्षांची आहे, चार पंख्यांचा भार घेईल का?" दोन रविवार खपून त्यांनी सगळी वायर बदलली. त्या सोमवारपासून किल्ली पुन्हा त्यांच्याकडे गेली. मुलीने एक जादा किल्ली करून स्वतःजवळ ठेवली आहे, कारण भाऊ पुढच्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होऊन गावी जाण्याचे बोलतात.

ऑक्टोबरात नागपूरला दोन्ही घरे मिळून नऊ जण गेलो. १२ ऑक्टोबरला विजयादशमी होती. पावणेआठशे किलोमीटरचा प्रवास, नऊ जणांत पाच बर्थ, त्यामुळे रात्रभर गप्पा. १ जुलैला दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उतरले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले, या विषयावर भाऊंचे आणि आमचे एकमत निघाले. एकमत झाले की आम्हा दोघांना चुकल्यासारखे होते, म्हणून मग पालीवर वाद काढला. ३ ऑक्टोबरलाच केंद्राने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. भाऊ म्हणाले, दर्ज्याने पोट भरते का? आम्ही म्हणालो, त्रिसरण-पंचशील आपण रोज म्हणतो, त्यातल्या किती शब्दांचा अर्थ आपल्याला येतो? "येतो की," म्हणून भाऊंनी पंचशील सुरू केले आणि तिसऱ्या शीलाच्या अर्थाशी अडखळले. आमची मुलगी वरच्या बर्थवरून सांगू लागली. समोरच्या बाकावरचे जळगावचे एक कुटुंबही ऐकत बसले.

नागपूरकरांच्या आतिथ्याबद्दल किती लिहावे! रस्त्यारस्त्यांवर भोजनदान चालू. अनोळखी माणूस "जयभीम, बसा, दोन घास खा" म्हणतो आणि तुमची जात, गाव, गट काही विचारत नाही. आई स्तूपासमोर बराच वेळ बसली. नव्या डोळ्यांनी पाहिलेला पहिला मोठा मेळा तो. मुलीने पालीचे व्याकरण घेतले. वहिनींनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ची स्वतःची प्रत घेतली. तोवर त्या आमच्याच प्रतीतून वाचत. भाऊंनी पैसे दिले आणि गाडीत बसल्यावर पहिल्या पानावर वहिनींचे पूर्ण नाव स्वतः लिहिले.

२० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. पुन्हा तेच शिक्के, तीच पाकिटे; उन्हाचा त्रास तेवढा कमी. या वेळीही कोणाची तरी माणसे विहारात येऊन गेली म्हणतात. त्यांना भाऊंनी दारातूनच पंखे दाखवून परत पाठवले. त्यांचा गट बदललेला नाही, टपरीवरचा आवाजही नाही. २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकृतीला ७५ वर्षे झाली. कचेरीत उद्देशिकेचे सामुदायिक वाचन झाले. 'बंधुता' या शब्दाशी शेजारचे सहकारी घाईत होते, आम्ही जरा रेंगाळलो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत वहिनी, आमची सहचारिणी आणि आई पुढे, आम्ही दोघे पिशव्या सांभाळत मागे. वर्षावास १७ ऑक्टोबरला संपला, पण ग्रंथ संपलेला नव्हता, तेव्हा महिला मंडळाने वाचन तसेच पुढे चालू ठेवले होते. डिसेंबरअखेर ते तिसऱ्या खंडात होते. पुढच्या रविवारची पाळी आमची होती, आणि चटया कोणी अंथरायच्या हे दोन्ही घरांत ठरलेले होते.