असंयम कोणाचा?

देहधर्मांना सभ्य नावे देण्यात मराठीने बरेच कौशल्य दाखवले आहे. ‘लघुशंका’ हा त्याचा नमुना. पण धावताना, दोरीवरच्या उड्या मारताना वा खळखळून हसताना एखाद्या स्त्रीची लघवी नकळत सुटते, त्या अवस्थेचे काय? पारिभाषिक शब्द आहे ‘मूत्र असंयम’. म्हणजे स्नायू सैलावले तिचे, आणि भाषा ठपका ठेवते तिच्या संयमावर!

साहित्यचर्चेच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विषय भाषेचाच आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, त्याचा नाशिकला सार्थ अभिमान आहे. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर धावणाऱ्या स्त्रियांचेही आता कोणाला नवल वाटत नाही. मात्र या त्रासापायी एखादीने धावणे सोडले, तर ती गुडघ्यांचे कारण पुढे करील. गुडघ्यांना सभ्यतेची अडचण नसते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. उडी मारताना वा खोकताना पोटातला दाब वाढतो, त्याच क्षणी या झोळीने आवळून मूत्रमार्ग मिटून धरायचा असतो. बाळंतपणाने ती सैलावते हे खरे. पण उड्यांच्या खेळांत मूल न झालेल्या तरुण खेळाडूंनाही हा त्रास होतो. तेव्हा ‘वय झालं’, ‘बाईच्या जातीला चालायचंच’ ही उत्तरे खोटी ठरतात. डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी या स्नायूंच्या व्यायामाविषयी १९४८ मध्येच लिहिले होते. स्नायू आवळून काही क्षण धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. रोज, किमान तीन महिने, शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून शिकून. अनेकींना एवढ्यानेच आराम पडतो. पाणी कमी पिणे हा मात्र उपाय नव्हे.

उपाय आहे, पण त्यासाठी आधी बोलावे लागते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पाहणी या विशिष्ट त्रासाची नव्हती, पण मौनाचे माप तिने नेमके दिले.

सोशिकपणाला आपल्या साहित्याने पुष्कळ गौरवले. आता थोडे बोलण्यालाही गौरवावे. त्यासाठी संस्कृतच्या दारात जायला नको. ‘लघवी गळते’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. ते घरात, मैदानावर आणि दवाखान्यात न अडखळता उच्चारता आले पाहिजेत.