पाऊस गगनबावड्याचा, पैसा शिरोळचा




कोल्हापूरच्या सुबत्तेचा विषय निघाला, की चहाच्या टपरीपासून कारखान्याच्या वार्षिक सभेपर्यंत एकच उत्तर ऐकू येतं. इथं पाऊस आहे, नद्या आहेत, काळी जमीन आहे, मग काय कमी पडणार? हे उत्तर खरं असतं तर जिल्ह्यातला सगळ्यात श्रीमंत तालुका गगनबावडा ठरला असता. तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्हींमधलं अंतर शंभरेक किलोमीटर. पण उसाचे फड, भाजीपाल्याच्या गाड्या आणि जयसिंगपूरसारखी बाजारपेठ आहे ती शिरोळात. गगनबावड्याची पोरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरत आली.

याचं कारण आधी भूगोलातच आहे, हे मान्य. सह्याद्रीच्या माथ्यावर एवढा पाऊस पडतो की उतारावरची माती टिकत नाही. खाली उरतो जांभा, आणि त्यावर भात आणि नाचणीपलीकडे फारसं काही येत नाही. हाच पाऊस लाखो वर्षं झिरपून जांभ्यातलं बाकीचं धुऊन नेतो, म्हणून तर या पट्ट्यात बॉक्साइट आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट ट्रकनं बेळगावला गेलं आणि गावाच्या वाट्याला रस्त्यावरची लाल धूळ आली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या डोंगरातून धावत उतरतात, प्रयाग चिखलीला पंचगंगा होतात आणि पुढं सपाटीवर रेंगाळतात. आणलेला गाळ त्या तिथं टाकतात. पश्चिमेला पाणी मिळालं पण माती नाही. पूर्वेला माती मिळाली, पाऊस नाही.

इथपर्यंत निसर्ग. पुढचं माणसांनी ठरवलं. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर शाहू महाराजांनी पाण्याचा विचार संस्थानचं धोरण म्हणून केला आणि भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. मग नदीत ठिकठिकाणी बरगे घालून पाणी अडवणारे बंधारे आले. त्यांना महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणतात आणि आपण त्याचा रास्त अभिमान बाळगतो. शेतकऱ्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, नदीतून पाणी उपसलं, कारखाने उभे केले. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात उसासारखं पाणीपिऊ पीक उभं राहिलं ते असं. तेही इतकं, की शिरोळातल्या कित्येक जमिनी जादा पाण्यानं क्षारपड झाल्या.

अर्थशास्त्रात यावर जुना वाद आहे. एक गट म्हणतो, देशाचं नशीब हवामान आणि समुद्रापासूनचं अंतर ठरवतं. दुसरा म्हणतो, संस्था ठरवतात. या दुसऱ्या गटातल्या तिघांना २०२४ चं नोबेल मिळालं. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेनं दुभंगलेल्या नोगालेस शहराचा दाखला त्यांच्यातले दोघे देतात: हवा तीच, तरी एका बाजूला सुबत्ता आणि दुसऱ्या बाजूला ओढगस्ती. कोल्हापुरात मला दोन्ही गट अर्धेच बरोबर वाटतात. आपल्याकडे संस्था उत्तम झाल्या, पण जिथं काळी माती होती तिथल्या लोकांच्या. ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडतो त्यांना त्या संस्थांत जागाच नव्हती. कुंभीचं धरण लखमापूरला, म्हणजे गगनबावडा तालुक्यात. कुंभी-कासारी कारखाना कुडित्र्याला, करवीर तालुक्यात. कोणी म्हणेल, गगनबावडा तालुक्यातच असळजला कारखाना आहे की! आहे, आणि तो झाला हे चांगलंच झालं. पण डोंगरउतारावरच्या नाचणीवाल्याला त्याचा काय उपयोग?

वर धरणाखाली जमिनी गेल्या त्याही पश्चिमेच्याच. दाजीपूरचं अभयारण्य तिथंच, गवे पिकात शिरतात तेही तिथंच. जंगल राखा, झाडं तोडू नका, हे आपण त्यांना सांगतो आणि बरोबर सांगतो. मात्र राखणदाराला मजुरी द्यावी लागते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो.

पूर्वेला यात स्वार्थ नाही असंही नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर शिरोळनं अंगावर झेलले. पूर ओसरला की आपली सगळी चर्चा अलमट्टी धरणाच्या उंचीवर जाते. कर्नाटकाशी जरूर भांडावं. पण पंचगंगेला येणारं पाणी आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरावर पडतं, आणि ते उतारावर किती थांबेल हे तिथल्या झाडोऱ्यावर अवलंबून आहे.

मी राहतो त्या कळंब्यात हाच प्रकार लहान मापात बघायला मिळतो. कात्यायनीच्या डोंगरावरचं पाणी अडवून संस्थानकाळात तलाव बांधला आणि तिथून ते उतारानं कोल्हापूर शहरातल्या ‘पाण्याच्या खजिन्या’पर्यंत नेलं. पंप नाही, वीज नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीकाठची उपसा केंद्रं पुरात बुडाली आणि पाण्यानं वेढलेलं शहर टँकरची वाट बघत बसलं, तेव्हा तरी या उताराची किंमत कळायला हवी होती. आज तलावाच्या पाणलोटात प्लॉट पडतायत आणि ओढे बुजतायत. तलाव महापालिकेचा, पाणलोट ग्रामपंचायतींचा. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचं भांडण सुरू आहे, पण हद्दीच्या आत असो की बाहेर, डोंगरावरचं पाणी तलावात येऊ द्यायचं कुणी, याची जबाबदारी एकाही बाजूनं मागितलेली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यात गाळप होणाऱ्या उसाच्या टनामागे दोन रुपये पाणलोट निधी म्हणून कापावेत, निम्मे कारखान्याकडून आणि निम्मे ऊस उत्पादकाकडून. तो पैसा गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या ग्रामसभांच्या हाती द्यावा: जंगल राखायला, गव्यांच्या नुकसानीची भरपाई वेळेत द्यायला, नाचणीला बाजार मिळवून द्यायला. दोन रुपयांनी कुठलाही ऊसवाला बुडत नाही. वजनकाट्यावरून याहून जास्त जातात अशी तक्रार तर आपण दर हंगामात ऐकतो. कळंब्यापुरतं म्हणाल, तर तलावाच्या पाणलोटात नवा बिगरशेती परवाना देणं थांबवावं आणि बुजवलेले ओढे मोजणी करून मोकळे करावेत. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी जिल्हाधिकारी, साखर सहसंचालक आणि कारखान्यांचे अध्यक्ष यांनी एकत्र बसून या दोन रुपयांवर हो किंवा नाही ते जाहीर सांगावं.

आपला,
एक वाचक
कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर