आपला दफ्तरखाना आपल्याच घरात, आपल्याच उन्हावर

दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपले तरुण हजारो फोटो, भाषणे, भीमगीते एकमेकांना पाठवतात. महिन्याभराने त्यातले काय उरते? फोन बदलला, फुकटची जागा संपली, कुणीतरी तक्रार केली आणि व्हिडिओ उडाला. ज्याला आपण आपला संग्रह म्हणतो, तो दुसऱ्याच्या गोदामात, दुसऱ्याच्या अटींवर पडलेला असतो. ‘क्लाउड आहे ना’ असे म्हणणाऱ्या मित्रांना आमचा साधा सवाल आहे. भाडेकरूला घरमालक कधीही बाहेर काढू शकतो, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळते?

सरकारवर सोडावे म्हटले, तर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे प्रकाशन रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. इमारतींवर भरवसा ठेवावा, तर २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले; बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस तिथेच होता. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत ही पत्रे बाबासाहेबांनी काढली, कारण दुसऱ्याच्या छापखान्यावर आपले म्हणणे अवलंबून ठेवायचे नव्हते. आजचा छापखाना म्हणजे साठवण. ती आपल्या घरात हवी, आणि ज्या घरात विजेचा भरवसा नाही तिथेही चालायला हवी.

अशी एक जागा आम्ही मराठवाड्यातल्या शेतवस्तीवर, एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी उभी केली. विजेचा खांब तिथपर्यंत आलेला नाही. शेतीच्या लाइनला आठ तास वीज, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. घरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जलशाच्या आणि वामनदादांच्या गाण्यांच्या कॅसेट, नामांतराच्या लढ्यातली पत्रके, आणि अत्याचाराच्या दोन खटल्यांचे एफआयआर, जबाब, पंचनामे. ही पेटी चळवळीतल्या पुरुषांनी सांभाळली असे कुणी समजू नये. दर पावसाळ्यात ती उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवली ती घरातल्या आजींनी. म्हणून सर्व्हर कसा चालवायचा हे आम्ही आधी त्यांच्या नातीला शिकवले.

आता हिशोब, कारण इथेच बहुतेक मंडळी फसतात. जुना डेस्कटॉप घ्या, त्यात डिस्क घाला, झाला सर्व्हर, असा सल्ला सर्रास मिळतो. हा डेस्कटॉप ७० वॅट खात असेल तर चोवीस तासांत १६८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पावणेदोन युनिट झाली. त्यासाठी चारशे-पाचशे वॅटचे पॅनल लागतील आणि पावसाळ्यात तेही अपुरे पडतील. बॅटरीचा खर्च तर विचारूच नका. त्याऐवजी तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय आणि त्याला जोडलेली एसएसडी मिळून सात वॅटच्या आसपास घेतात. छोटा राउटर आणखी पाच. एकूण बारा.

टेबलावर ठेवायची मोठी फिरती हार्ड डिस्क यात आम्ही मुद्दाम घेतली नाही. ती एकटीच पाच ते आठ वॅट खाते आणि सुरू होताना वीसहून जास्त वॅटचा झटका घेते. इन्व्हर्टरही नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा ५ वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? अनेक छोटे इन्व्हर्टर रिकामे असतानाही आठ-दहा वॅट गिळतात. बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट देणारा चांगला कन्व्हर्टर आणि मध्ये फ्यूज, एवढे पुरते. मात्र कन्व्हर्टर तीन अँपिअर खरोखर देणारा घ्या. स्वस्तातला घेतला तर डिस्क मध्येच तुटते आणि फायली खराब होतात.

पॅनल १०० वॅटचे आहे. स्वच्छ उन्हात ते दिवसाला चारशेच्या आसपास वॅट-तास देते. बारा वॅटचा सर्व्हर चोवीस तास चालवला तर २८८ लागतात, म्हणजे जानेवारीत निभावते. जुलैत आभाळ भरले की गणित कोसळते. आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट ४० अँपिअर-तास, म्हणजे ५१२ वॅट-तास. चोवीस तास चालवले तर सूर्याशिवाय दोन दिवसही जात नाहीत. संध्याकाळी सहा ते दहा एवढेच चालवले तर ४८ वॅट-तास लागतात, आणि तीच बॅटरी दहा दिवस पुरते. सर्व्हर चोवीस तास चालूच हवा हा हट्ट कुणाचा? आपल्या वस्तीतले वाचनालय रात्री दोन वाजता उघडे असते का? पोरे शाळेतून, मजूर कामावरून परत येतात तेव्हा ते सुरू असले म्हणजे झाले. इंटरनेट नसले तरी घराच्या वायफायवर मोबाईल जोडून गाणी ऐकता येतात, अंक वाचता येतात.

जागेचे म्हणाल तर एका तासाच्या कॅसेटची मूळ दर्जाची नोंद साधारण ६३५ एमबी होते. १ टीबीमध्ये अशा दीड हजार कॅसेट मावतात. अख्ख्या तालुक्याचा ठेवा एका डिस्कवर!

पण एक डिस्क म्हणजे संग्रह नव्हे. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची दुसरी प्रत फिरत्या पोर्टेबल डिस्कवर आहे. ती महिन्यातून एकदाच जोडतो, त्यामुळे वीज जवळपास लागतच नाही. खोकी पत्र्याखाली ठेवू नका, एप्रिल-मेची उष्णता बॅटरी आणि डिस्क दोन्ही मारते. वादळाची चिन्हे दिसताच, वीज कडाडायला लागण्याआधीच, पॅनलची तार काढा; कडाडायला लागल्यावर तारेला हात लावू नका.

खटल्यांच्या कागदांबद्दल आमचे मत कडक आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे खटले वर्षानुवर्षे चालतात. तोवर फिर्यादीकडची प्रत भिजते, हरवते, कधी गायबही केली जाते. ते कागद स्कॅन झालेच पाहिजेत. पण पीडितेचे नाव, साक्षीदाराचा पत्ता व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकणे हा दुसरा अत्याचार आहे. असे कागद डिस्कच्या वेगळ्या, कुलूपबंद भागात ठेवा. पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे असू द्या, त्यातली एक बाई असावी. डिस्क चोरीला गेली तरी आतले वाचता येणार नाही.

यात आंबेडकरी काय, हा तर इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग, असे काही जण म्हणतील. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मांडणी केली, ती माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी. त्यांना वॅट आणि युनिट परके नव्हते, मग आपल्याला का असावेत? जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जेवढी रक्कम जाते, तेवढ्यात हा सगळा संच उभा राहतो. पुढच्या जयंतीच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा हा विषय मांडा, आणि तोवर आपल्या गल्लीत कुणाकडे कॅसेटची पेटी आहे याची यादी करा. टेपरेकॉर्डर चालू स्थितीतला शोधून ठेवा, तो पॅनलपेक्षा दुर्मीळ झाला आहे.

जय भीम!