तिचं ते काम, त्याचा तो छंद

अंगठ्याच्या पेराएवढा सैनिक. उंची जेमतेम २८ मिलिमीटर. त्याच्या कोटाला लाल रंग, पट्ट्याला पांढरा, बुटांना काळा. मग पातळ गडद रंगाचा एक हात, तो घड्यांमध्ये साचतो आणि सावली तयार होते. शेवटी नाक, गाल, बोटं अशा वर आलेल्या भागांवर उजळ रंगाची नाजूक रेघ. असे शे-दोनशे सैनिक रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून, फूटपट्टीने अंतर मोजून लुटुपुटूची लढाई खेळायची. इंग्लंड-अमेरिकेत हा मोठ्या माणसांचा छंद आहे. मोठ्या माणसांचा म्हणजे बहुतेक करून पुरुषांचा!

एच. जी. वेल्स या नामवंत लेखकाने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं. खेळ कुणासाठी, हेही त्याच्या लांबलचक उपशीर्षकात सांगून टाकलं. बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठी. थट्टेचा सूर आहे, मान्य. पण मेख बघा. मुलग्याला नुसतं वय पुरतं, मुलीला मात्र हुशारीचा दाखला लागतो.

गंमत पुढेच आहे. वेल्स ज्या सैनिकांशी खेळायचे, ते शिशाचे, ५४ मिलिमीटर उंचीचे होते. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून पोकळ ओतीव सैनिक बनवायला सुरुवात केली होती. हे सैनिक रंगवायचं कोण? बायका आणि मुली. काही कारखान्यात बसून, काही घरी काम नेऊन. आपल्याकडे पापड लाटतात, विड्या वळतात, तसंच हे काम. पुढे खेळण्यांतल्या शिशाचे नियम कडक झाले आणि १९६६ मध्ये ब्रिटनचे शिशाचे सैनिक बंद पडले. तोवर कित्येक पलटणींच्या अंगावरचे डगले बायकांनीच रंगवले. आज जुन्या वस्तूंचे शौकीन ते सैनिक कौतुकाने जमवतात. डब्यावर नाव कंपनीचं. रंगवणारीचं नाव कुठेच नाही.

तोच कुंचला, तोच इवलासा सैनिक. तिने रंगवला की पोटासाठीचं हातकाम, त्याने रंगवला की कला, छंद, व्यासंग. आपल्याला हे नवं नाही. रोजचा स्वयंपाक तिचा, ‘शेफ’ म्हणून मान त्याचा!

कुणी म्हणेल, अहो, बायकांनाही छंद असतातच की. असतात. पण नीट बघा, बाईच्या छंदाला उपयोग लागतो. विणकाम केलं तर स्वेटर निघाला पाहिजे, भरतकाम केलं तर उशीचा अभ्रा. बागकाम केलं तर निदान कढीपत्ता तरी मिळावा. घरातल्या कुणाच्याही उपयोगी न पडणारी गोष्ट, केवळ आवडते म्हणून रविवारची दुपार घालवून करणं, ही चैन अजूनही तिची नाही. प्रश्न पैशांचा कमी आणि परवानगीचा जास्त आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लढाईचे खेळ बायकांनी कशाला खेळायचे? याचं उत्तर वेल्सच देऊन गेले. त्यांचं म्हणणं होतं, की ही छोटी लढाई तीन-चारदा खेळून बघा म्हणजे खरं युद्ध किती आंधळं आणि भोंगळ असतं ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आणि सैनिक हातात आला की मुलगी फक्त लढाईच खेळते असंही नाही. इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी मुलासाठी लाकडी सैनिकांचा संच आणला. खेळणं भावाचं, पण बहिणींनीही एकेक सैनिक उचलला. शार्लटने आपल्या सैनिकाचं नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठेवलं. त्या सैनिकांभोवती भावंडांनी राज्यं उभी केली, त्यांना शोभतील अशी इवलीशी पुस्तकं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिली. १८४७ मध्ये शार्लटची ‘जेन आयर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आली. ते सैनिक फक्त भावाच्या पेटीत राहिले असते तर?

या छंदातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे तिथली तुलना. दोन कंपन्यांचे सैनिक शेजारी शेजारी उभे करून बघतात. दोघंही स्वतःला २८ मिलिमीटरचे म्हणवतात. पण एक कंपनी पायापासून डोळ्यांपर्यंत मोजते, दुसरी डोक्याच्या टोकापर्यंत. एकाचा सैनिक शेलाटा, दुसऱ्याचा थोराड, मोठ्या पंजांचा. प्रश्न एवढाच, की हे दोघं एका टेबलावर शोभतील का? शिवाय सहा मिलिमीटरच्या सैनिकाचे डोळे रंगवले नाहीत म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. तो हातभर अंतरावरून, रांगेत बघायचा असतो. मापाला माप लावून बघणारी अशी तुलना बायकांच्या वाट्याला किती येते? आपल्या वाट्याला येते ती ‘तिची बघा रांगोळी’ ही.

दिवाळीतल्या किल्ल्याजवळ तर तेवढीही मोजमाप नसते. दरवाजापेक्षा मावळा उंच, तोफेशेजारी गवळण, आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. कुणाचं काही बिघडत नाही. तरीही कितीतरी घरांत माती कालवायला मुलगे आणि रांगोळीला मुली, ही वाटणी आपोआप होते. मावळे रंगवून विकणाऱ्या कुटुंबांत कुंचला बाईच्या हाती चालतो, मग आपल्या अंगणात का नाही?

तेव्हा येत्या दिवाळीत न रंगवलेले चार मावळे आणा. दोन लेकीला द्या. दोन स्वतःसाठी ठेवा, चक्क स्वतःसाठी! कुणी विचारलंच, ‘याचा उपयोग काय?’ तर बिनधास्त सांगा, ‘काही नाही.’