'व्यवसाय' रकान्यात नुसतं 'नोकरी'

डॉक्टरसाहेब,


माझ्या वडिलांच्या मांडीवरची न भरणारी जखम त्वचेच्या कॅन्सरची आहे, हे तुम्हीच ओळखलंत. ते उपकार विसरणार नाही. राग आहे तो केसपेपरचा. 'व्यसन' या रकान्यात 'तंबाखू' लिहून तुम्ही खाली दोन रेघा ओढल्यात. 'व्यवसाय'पुढे नुसतं 'नोकरी'.

कसली नोकरी, विचारायचं तरी! अंबरनाथ एमआयडीसीत बाबा जन्मभर लेथवर टर्नर होते. कटिंग ऑईलच्या शिंतोड्यांनी पँट मांडीला चिकटायची. हात पुसायची तेलकट चिंधी उजव्या खिशात, आणि जखम नेमकी त्या खिशाखाली. तिथे ऊन पोचत नाही. कारण तेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही चौकशीच केली नाहीत.

लंडनच्या पर्सिव्हल पॉटनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरचा दोष काजळीला दिला होता. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत तेच यंत्राच्या तेलानं झालं. लांब कशाला, परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतर घट्ट नेसून कमरेला होणारा कॅन्सर नोंदवला. रोगी धोतर कुठे आवळतो, इथवर त्यांचं लक्ष होतं. तुम्हाला खिसा दिसला नाही.

खनिज तेलानं होणारा त्वचेचा कॅन्सर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत होता. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ८९ तर तुम्हा डॉक्टरांनाच सांगत होतं : अशा रोगाचा संशय आला तरी मुख्य निरीक्षकांना लेखी कळवा. न कळवल्यास दंड फार तर हजार रुपये होता. (एवढ्याला कोण भितो म्हणा!)

तुम्ही त्या रेघा ओढल्यात, त्या दिवशी बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "माझ्याच खोडीनं ओढवलं गं हे." ओव्हरटाइम करकरून संसार ओढलेला माणूस बायकोची माफी मागत होता. तंबाखू वाईटच, सुटली ते बरं झालं. पण तुमच्या दोन रेघांनी मालकही सुटला. वकील म्हणतात, कागदावर कामाचा उल्लेखच नाही, दावा कशाच्या जोरावर लावू?

त्याच शेडमध्ये आज विशीतली पोरं तसलीच चिंधी खिशात कोंबून उभी असतात. खाज सुटली की मलम न्यायला तुमच्याकडेच येतात.

मला दुरुस्त केसपेपर हवा. 'टर्नर, कटिंग ऑईल' एवढं लिहून खाली सही करा. सोमवारी ओपीडीच्या वेळेत येते.

आपली,
एका टर्नरची मुलगी
अंबरनाथ (पूर्व)