आज्जीची गोष्ट पुराव्यात धरा



मागं आमच्या वाडीच्या शाळेत एक साहेब पोरांना ‘जंगल वाचवा’ची गोष्ट सांगून गेले. गोष्टीत झाडं रडतात, जनावरं पळतात आणि वाईट माणूस कोण, तर कुऱ्हाडवाला. नात घरी आली, कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडं बघून म्हणाली, “आज्जा, त्यो आपणच का?”

पोरांना रानाच्या गोष्टी सांगायलाच पाहिजेत. पण आपल्या. दाजीपूरच्या रानाचं १९५८ साली अभयारण्य झालं, त्याच्या आधी गवा कुणाच्या शेजारानं राहत होता? देवराईतली वाळकी काटकीबी उचलायची न्हाई, ही पाटी कुणी लावली नव्हती. आज्जीनं चुलीपाशी सांगितलं, तेवढंच. आता देव कोपतो एवढ्यावर भागवायचं, हे मला पटत न्हाई. राईखालचा झरा का टिकतो, हेबी पोरांना सांगावं.

आणि ह्यात आपल्या जमिनीचा सवाल हाय. आपण कोल्हापूरकडचे बहुतेकजण कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडं १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हंजे ७५ वर्षांचा, रहिवास मागतो. एवढा जुना कागद कुठनं आणायचा? पण २००८ च्या नियमांतला १३ वा नियम वाचा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं, तर ते पुरावा धरतात. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा ह्या खुणाबी धरतात. मात्र एकावर भागत न्हाई, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हंजे गोष्ट पाहिजे आणि गोष्टीतली जागाबी पाहिजे.

म्हणून घरात बसून सांगू नका, पोरांना घेऊन जागेवर जा. म्हातारीला साल सांगता येत न्हाई, पण “थोरला झाला तवा कारवी फुलली होती” हे येतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. पोरांनी तिथनं मागं मोजावं, शाळेतल्या गणितापेक्षा हे लवकर कळतं. सहावी-सातवीतल्या पोरांनी वहीत उतरवावं, मग वनहक्क समितीपुढं वाचून अंगठा घ्यावा. रान, जनावरं, झरे राखायचा अधिकार त्याच कायद्यानं ग्रामसभेला दिलाय. उद्या ग्रामसभेत हीच पोरं बसणार.

मी स्वतः दावेदार, माझं सांगणं माझ्या दाव्याला चालत न्हाई. आमच्या वाडीत नव्वदीच्या पुढच्या दोघीच उरल्यात. एकीला ऐकू येत न्हाई, पण बोलती चांगलं. येत्या अमावस्येला नात वही घेऊन तिच्याकडं जाणार हाय.