बंदुकीचा परवाना आणि जमिनीचा भाव

महाराष्ट्रात भररस्त्यावर गोळीबार झाला की दोन उपाय ठरल्यासारखे सुचविले जातात. पोलिसांना मोकळा हात द्या, म्हणजे चकमकी घडवू द्या, हा पहिला. आणि सज्जनांनाही आत्मसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या, हा दुसरा. हे सुचविणाऱ्यांची भीती खोटी नसते. पण त्यांचे निदान चुकीचे आहे आणि त्याची किंमत गरीब वस्त्यांना मोजावी लागते. जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तर याकडे केवळ मुंबईचा प्रश्न म्हणून पाहूच नये. मुंबईत जे घडले त्याची आर्थिक पूर्वतयारी आज आपल्या दाराशी होत आहे.

गिरणगावचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचला पाहिजे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि तोवर उत्पादनाचे साधन असलेली सुमारे सहाशे एकर जमीन विक्रीची वस्तू बनली. घरातला कर्ता पुरुष बेकार, तरुण मुलाला काम नाही, युनियन खिळखिळी आणि दाराबाहेरच्या जमिनीचा भाव गगनाला भिडलेला, अशी ती अवस्था होती. टोळ्या आधीही होत्या. पण आता त्यांना मनुष्यबळही मिळाले आणि धंदाही. 7 मे 1994 रोजी महालक्ष्मीजवळ सुनीत खटाव यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्या गिरणीची भायखळ्याची जमीन विकून गिरणी बोरिवलीला हलविण्याचा प्रश्न तेव्हा गाजत होता. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत गोळ्यांना बळी पडले. तीन वर्षांच्या आत गिरणीमालक आणि कामगारनेता दोघेही त्याच मार्गाने गेले.

अर्थशास्त्रात ज्याला अनर्जित लाभ म्हणतात, तो येथे समजून घेतला पाहिजे. मालकाने काही न करता केवळ शहर वाढल्यामुळे जमिनीचे मोल वाढते. हे वाढीव मोल समाजाने निर्माण केलेले असते. ते कोणाच्या पदरात पडावे हे खुल्या, लोकशाही मार्गाने ठरले नाही, तर ते बंद खोलीत ठरते, आणि बंद खोलीतील करार पाळला जाईल याची हमी न्यायालय देत नसते. ती हमी पिस्तूल देते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी इमारतींखालची जमीन सोडून केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरविली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. समाजाचा वाटा कागदावरून पुसला गेला आणि तेथे मॉल व मनोरे उभे राहिले.

हा इतिहास संपलेला नाही. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने मित्रपक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्याचे दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. वाद जमिनीचा होता आणि शस्त्र परवान्याचे होते. सहाच दिवसांनी दहिसर परिसरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली; तेथे वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते. परवाने वाढविल्याने सुरक्षितता वाढेल, असे म्हणणाऱ्यांनी या दोन घटनांचे उत्तर द्यावे.

चकमकींचे समर्थन करणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. 2006 साली वर्सोव्यात झालेली लखन भैयाची ‘चकमक’ बनावट होती, असा निकाल देत सत्र न्यायालयाने 2013 साली 13 पोलिसांना दोषी ठरविले. या हत्येमागे एका जमीनदलालाचे वैर होते, अशी सरकारपक्षाची मांडणी होती. म्हणजे सरकारी बंदूकही त्याच बाजारात भाड्याने मिळू शकते. कायद्याला बगल देण्याची मुभा ज्याला दिली, तो ती फक्त तुमच्या शत्रूविरुद्धच वापरील, असे मानणे भोळेपणाचे आहे.

आता आपल्या शेजारी पाहू. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला त्यांनी केलेला विरोध त्यामागे होता, असे तपास सांगतो. ही हत्या बंदुकीने झाली नव्हती. पण त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाने त्यांतील शंभराहून अधिक रद्द केले. 1959 च्या शस्त्र कायद्याने सार्वजनिक शांततेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार आधीपासूनच दिलेला आहे. मग त्यासाठी एका सरपंचाचा जीव का जावा लागला? आणखी दुःखाची गोष्ट अशी की, या हत्येचा निषेधही पुढे जातींत वाटला गेला. गुंडाला जात चिकटवली की त्याला आयते सैन्य मिळते, आणि जमिनीचा व कंत्राटाचा मूळ हिशेब बाजूला राहतो.

याला उत्तर आहे, आणि ते याच महाराष्ट्रात लोकांनी शोधले आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून दोन्ही समाजांच्या मोहल्ला समित्या बांधल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. गिरणगावात दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने टोळ्यांच्या ऐन अमलात सत्याग्रहाचा मार्ग सोडला नाही. 2012 साली गिरणी कामगारांच्या 6925 घरांची सोडत निघाली. अर्जदार दीड लाखाच्या घरात होते, म्हणून हे यश अपुरे आहे हे मान्य. पण जे मिळाले ते संघटनेने मिळवले, पिस्तुलाने नव्हे.

जालन्यात पोलाद कारखाने आणि बियाणे उद्योग होतेच. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे, ड्राय पोर्टची उभारणी झाली आहे, आणि 2023 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आहे. जमिनीचे भाव वाढले, दलाल वाढले. पोलाद कारखान्यांत राबणाऱ्या परप्रांतीय मजुराला मात्र ना युनियन आहे ना पक्के घर. गिरणगावाच्या अनुभवावरून या मिश्रणाचा परिणाम आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. माहितीच्या अधिकारात जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची तालुकावार संख्या मागून ती जाहीर सभेत वाचावी, आणि गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी जाब मागावा. प्रत्येक प्रभागात स्त्रिया आणि परप्रांतीय मजूर यांच्यासह सर्व जातिधर्मांच्या नागरिकांची समिती उभी करावी. एका जातीची समिती आपण समिती मानू नये. आणि मोठे जमीनव्यवहार, भूसंपादनाचा मोबदला व कंत्राटे यांचा तपशील ग्रामसभेपुढे आणि प्रभागसभेपुढे मांडण्याचा आग्रह धरावा. निवडणुकीच्या हिशेबाने सशस्त्र अंगरक्षकांसह येणाऱ्या ‘दानशूर’ पुढाऱ्याला आपल्या व्यासपीठावर जागा द्यायची नाही, हा निर्णयही आजच घेतला पाहिजे. ज्या पक्षाला हे साधणार नाही, त्याने मोर्चात निःशस्त्र माणसांचे नाव घेऊ नये.